विश्लेषण : लाल डोळ्यांचा पांढरा साप आला कुठून? पाळीव कॉर्न स्नेकच्या रंगांमागचे विज्ञान काय?

सापाची दोन पिल्ले शेजारी ठेवली आहेत. दोन्ही पेन्सिलीएवढी जाड, दोन्ही पांढुरकी. लांबून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. पण सापांची पैदास करणारा माणूस अंगाचा रंग पाहत बसत नाही, तो आधी डोळे पाहतो. एकाची बाहुली लाल, दुसऱ्याची काळी. तेवढ्यावरून त्याला समजते, की पहिल्याच्या शरीरात काळे रंगद्रव्य बनतच नाही आणि दुसऱ्याच्या शरीरात ते बनते, पण त्वचेत ते साठवणाऱ्या पेशी बहुतांश नाहीत. बाहेरून सारखी दिसणारी ही पिल्ले जनुकांच्या हिशेबात एकमेकांपासून फार दूर आहेत आणि बाजारात त्यांच्या किमतीही वेगळ्या आहेत.

हे साप कॉर्न स्नेक जातीचे. अमेरिकेत आणि युरोपात सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सापांपैकी एक. मूळच्या केशरी-लाल सापापासून गेल्या सहा दशकांत पांढरे, गुलाबी, राखाडी, लोण्याच्या रंगाचे, जांभळट असे शेकडो रंगप्रकार तयार झाले. त्यांना ‘मॉर्फ’ म्हणतात. ते कसे तयार होतात, डोळा त्याबद्दल काय सांगतो आणि या हौसेची किंमत कोण मोजते, हे पाहण्यासारखे आहे.

कॉर्न स्नेक हा नेमका कोणता साप?

अमेरिकेच्या आग्नेय भागात, न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला लुइझियानापर्यंत हा साप आढळतो. शास्त्रीय नाव पँथेरोफिस गटेटस. कार्ल लिनियसने १७६६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. साप बिनविषारी आहे. भक्ष्याला वेटोळ्यात आवळून मारतो आणि मुख्यतः उंदरांवर जगतो. आपल्याकडची धामण शेतात जे काम करते, तेच काम हा तिकडच्या शेतांत आणि कोठारांत करतो. ‘कॉर्न’ म्हणजे मका. मक्याच्या कणगीभोवती उंदरांच्या मागे फिरतो म्हणून हे नाव पडले, असे काही जण म्हणतात. त्याच्या पोटावरची काळी-पांढरी चौकट रंगीत मक्याच्या कणसासारखी दिसते म्हणून पडले, असे दुसऱ्यांचे म्हणणे.

रानातला कॉर्न स्नेक मुळातच देखणा असतो. पिवळट-केशरी अंगावर तांबडे ठिपके, प्रत्येक ठिपक्याला काळी किनार, डोक्यावर भाल्याच्या टोकासारखी खूण आणि डोळे केशरी, मध्ये गोल काळी बाहुली. साउथ कॅरोलिनातल्या ओकीटी नावाच्या शिकारी क्लबाच्या परिसरातले साप तर जाड काळ्या किनारीमुळे इतके उठून दिसत, की ‘ओकीटी’ हे आजही एका रंगप्रकाराचे नाव आहे. हे सौंदर्य त्याच्या जिवावरही उठते. तिकडच्या विषारी कॉपरहेडशी गल्लत होऊन दरवर्षी कितीतरी कॉर्न स्नेक मारले जातात. बिनविषारी साप विषारी समजून ठेचला जाणे ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. घोणस समजून मारल्या जाणाऱ्या डुरक्या घोणसीचे उदाहरण गावोगावी सापडेल.

पाळणाऱ्यांना तो आवडतो याची कारणे साधी आहेत. तो शांत आहे, चावण्याची घाई करत नाही, पिंजऱ्यात सहज जुळवून घेतो, पूर्ण वाढला तरी सहसा पाच फुटांच्या आतबाहेर राहतो आणि पंधरा-वीस वर्षे जगतो. मादी एका वेळी साधारण १० ते ३० अंडी घालते आणि दोनेक महिन्यांत पिल्ले बाहेर येतात. जनुकांचा खेळ खेळणाऱ्याला यापेक्षा सोयीचा प्राणी कुठला मिळणार!

सापाच्या कातडीत रंग येतात कुठून?

माणसाच्या त्वचेत रंगाच्या पेशी एकाच प्रकारच्या, मेलॅनिन बनवणाऱ्या. सापांमध्ये हा कारभार तीन खात्यांत वाटलेला आहे. काळ्या-तपकिरी मेलॅनिनच्या पेशी वेगळ्या. पिवळा, केशरी, लाल रंग देणाऱ्या पेशी वेगळ्या. त्यांतला काही रंग शरीर स्वतः बनवते, तर काही खाण्यातून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइडमधून येतो. गाजराला रंग देतात तीच ही द्रव्ये. तिसऱ्या पेशींमध्ये रंग नसतोच, त्यांत ग्वानिनचे बारीक स्फटिक असतात. ते आरशासारखा प्रकाश परतवतात, त्यामुळे चमक आणि पांढरेपणा येतो.

या तिन्हींचे थर एकमेकांवर बसून सापाचा रंग दिसतो. कॅरम बोर्डावर सांडलेल्या तीन रंगांच्या सोंगट्यांपैकी एक रंग उचलून घेतला तर उरलेले चित्र बदलते, तसे इथे घडते. मेलॅनिन नाहीसे झाले तर साप लाल-केशरी-पांढरा दिसतो. त्याला ‘अमेलॅनिस्टिक’ किंवा थोडक्यात ‘अमेल’ म्हणतात. लाल-पिवळा रंग गेला तर काळा-राखाडी साप उरतो, तो ‘अनेरिथ्रिस्टिक’ किंवा ‘अनेरी’. दोन्ही गेले तर गुलाबीसर पांढरा ‘स्नो’, म्हणजे बर्फ.

अनेरी सापाच्या बाबतीत एक गंमत आहे. पिल्लू राखाडी असते, पण वय वाढते तसा गळ्याच्या बाजूने पिवळेपणा चढतो. तो रंग खाण्यातून साठत गेलेल्या कॅरोटिनॉइडचा. ‘चारकोल’ नावाचा दुसरा राखाडी प्रकार आहे, त्यात हा गळ्यावरचा पिवळेपणा सहसा येत नाही. लहानपणी दोघांत फरक करणे कठीण, मोठेपणी गळा पाहिला की काम होते.

डोळा लाल का दिसतो?

बाहुली म्हणजे खरे तर एक छिद्र आहे. त्यातून आत गेलेला प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, दृष्टिपटलावर पडतो. दृष्टिपटलाच्या पाठीमागे मेलॅनिनने भरलेल्या पेशींचा एक गडद थर असतो. तो उरलेला प्रकाश शोषून घेतो. प्रकाश परत येत नाही म्हणून बाहुली काळी दिसते. दुपारच्या उन्हात रस्त्यावरून पाहिल्यावर घराची उघडी खिडकी काळी दिसते, त्याचे कारणही हेच.

अमेल सापाच्या शरीरात मेलॅनिन बनतच नाही. म्हणजे कातडीत नाही, तसे डोळ्याच्या मागच्या थरातही नाही. आत गेलेला प्रकाश तिथल्या रक्तवाहिन्यांवरून परततो आणि बाहुली लाल दिसते. त्या डोळ्यात लाल रंगाचे कुठलेही द्रव्य नाही. दिसते ते रक्त.

बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्याचा मामला वेगळा आहे. त्या कड्यात, म्हणजे परितारिकेत, कातडीसारख्याच पेशी असतात. म्हणून अंगाचा जो हिशेब, तोच बहुधा कड्याचा. रानातल्या सापाचे कडे केशरी. अनेरी सापात लाल-पिवळा रंग नाही, म्हणून कडे राखाडी आणि बाहुली मात्र काळीच. अमेलमध्ये कड्यातला केशरी रंग शाबूत आणि बाहुली लाल. स्नोमध्ये दोन्ही गेल्यामुळे कडे फिकट गुलाबी आणि बाहुली लाल. थोडक्यात, कडे कातडीबद्दल सांगते आणि बाहुली मेलॅनिनच्या कारखान्याबद्दल सांगते. या दोन साक्षी वेगवेगळ्या घेता आल्या, की अर्धे कोडे सुटते.

मग पांढऱ्या सापाचा डोळा काळा कसा असतो?

इथेच बहुतेकांची फसगत होते. पांढरा प्राणी दिसला की सरसकट ‘अल्बिनो’ म्हणायची सवय आहे. बातम्यांतही तेच होते. पण पांढरेपणाचे निदान दोन रस्ते आहेत.

पहिल्या रस्त्यावर मेलॅनिनच्या पेशी जागेवर आहेत, पण त्यांच्यात मेलॅनिन तयार होत नाही. हा अल्बिनोपणा, म्हणून डोळा लाल. दुसऱ्या रस्त्यावर मेलॅनिन बनवण्याची कृती ठीक आहे, पण कातडीतल्या रंगपेशीच घडत नाहीत किंवा आपल्या जागी पोहोचत नाहीत. याला ‘ल्युसिझम’ म्हणतात. अशा सापाचे अंग पांढरे, पण डोळे गडद.

असे का, याचे उत्तर भ्रूणाच्या वाढीत आहे. कातडीतल्या रंगपेशी ‘न्यूरल क्रेस्ट’ नावाच्या पेशीसमूहातून निघतात. भ्रूणाच्या पाठीच्या रेषेपाशी हा समूह तयार होतो आणि तिथून या पेशी चालत-चालत सगळ्या अंगभर पसरतात. डोळ्याच्या मागचा गडद थर मात्र या प्रवाशांपैकी नाही. तो मेंदूच्याच वाढत्या भागातून, जागच्या जागी तयार होतो. त्यामुळे प्रवासी पेशींचे काही बिनसले, तरी डोळ्यातला काळा थर सुरक्षित राहतो. कृतीच चुकली असेल, तर तो पांढरा पडतोच.

कॉर्न स्नेकमध्ये ‘पामेटो’ हा गडद डोळ्यांचा पांढरा प्रकार आहे. साउथ कॅरोलिनात रानात सापडलेल्या एका नरापासून तो सुरू झाला. पिल्लू जवळजवळ कोरे पांढरे असते आणि पुढे अंगावर लाल, काळे, केशरी ठिपके उमटत जातात, कुणी ब्रशने रंग शिंपडावा तसे. सुरुवातीच्या दोन पिल्लांमधले काळ्या डोळ्याचे पिल्लू म्हणजे हे. कॉर्न स्नेकचा नातेवाईक असलेल्या टेक्सास रॅट स्नेकमध्येही निळसर-काळ्या डोळ्यांचा पांढरा प्रकार लोकप्रिय आहे. पण त्यात काही सापांचे डोळे खोबणीबाहेर आल्यासारखे मोठे असतात. पैदास करणारे त्याला ‘बग आय’ म्हणतात. नाव गमतीचे असले तरी तो दोष आहे, आणि असे साप पुढच्या पैदाशीत वापरू नयेत असे जाणकार सांगतात.

माणकासारखे डोळे कोणाचे?

लाल आणि काळा यांच्या मधेही डोळे असतात. ‘लॅव्हेंडर’ नावाचा प्रकार राखाडी-गुलाबी-जांभळट झाक असलेला. त्याचा डोळा साध्या उजेडात गडद दिसतो, पण बॅटरीचा झोत टाकला की माणकासारखा खोल लाल चमकतो. मेलॅनिन तिथे आहे, पण नीट भरलेले नाही.

या प्रकारांमागची जनुके शोधण्याचे महत्त्वाचे काम स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा विद्यापीठात झाले. मिशेल मिलिंकोविच आणि अथानासिया त्झिका यांच्या गटाने कॉर्न स्नेकला प्रयोगशाळेतला प्राणी केले. २०१५ मध्ये त्यांनी दाखवले, की अमेल सापात ‘ओसीए-२’ नावाच्या जनुकात डीएनएचा एक परका तुकडा घुसलेला आहे. गुणसूत्रांमध्ये एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारणारे असे तुकडे सगळ्याच प्राण्यांत असतात. हा तुकडा नेमका चुकीच्या जागी पडला आणि जनुक बंद पडले. माणसातल्या अल्बिनोपणाच्या एका प्रमुख प्रकारात हेच जनुक बिघडलेले असते. एवढेच नव्हे, तर माणसाचे डोळे तपकिरी होणार की निळे, हे ठरवण्यातही ओसीए-२ आणि त्याच्या शेजारच्या जनुकाचा मोठा वाटा असतो.

लॅव्हेंडरचे कोडे २०२० मध्ये सुटले. बिघाड ‘एलवायएसटी’ जनुकात निघाला. हे जनुक पेशीतल्या पुटिकांच्या, म्हणजे बारीक पिशव्यांच्या घडणीशी संबंधित आहे. मेलॅनिनच्या पिशव्या लायसोसोमच्या कुळातल्या असतात हे आधी माहीत होते. या अभ्यासाने सुचवले, की पिवळ्या-लाल रंगाच्या आणि चमकदार स्फटिकांच्या पिशव्याही त्याच कुळातल्या आहेत, कारण एका जनुकाने तिन्हींवर परिणाम केला. माणसात हेच जनुक बिघडले तर ‘शेडियाक-हिगाशी’ हा दुर्मीळ आणि गंभीर आजार होतो. त्यात त्वचा-केस फिके होतात, डोळ्यांना उजेड सोसत नाही आणि प्रतिकारशक्ती ढासळते. हौशी लोकांनी रंगासाठी जपलेला एक साप वैद्यकाच्या प्रश्नापर्यंत पोहोचला, तो असा. याच गटाने २०२४ मध्ये ‘टेराझो’ नावाच्या प्रकाराचा अभ्यास करून ठिपक्यांचे पट्टे होण्यामागे ‘पीएमईएल’ जनुकाचा हात असल्याचेही दाखवले.

मधल्या डोळ्यांचा आणखी एक धनी म्हणजे ‘अल्ट्रामेल’. ‘अल्ट्रा’ हे अमेलच्याच जागेवरचे, पण अर्धवट काम करणारे रूप. एका पालकाकडून अल्ट्रा आणि दुसऱ्याकडून अमेल आले, की मेलॅनिन थोडेसेच बनते. अंग फिके आणि डोळे वाइनच्या रंगाचे. अल्ट्रा हे रूप कॉर्न स्नेकचे स्वतःचे नसून ग्रे रॅट स्नेकशी झालेल्या संकरातून आले असावे, असे बरेच जण मानतात. त्यावरून शुद्ध आणि संकरित असा वाद पाळणाऱ्यांमध्ये चांगलाच रंगतो.

पहिला अमेल कोणी तयार केला?

‘तयार केला’ म्हणणे तसे चूक. निसर्गात असे साप अधूनमधून जन्मतातच. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. बर्नार्ड बेक्टेल यांनी रानात सापडलेल्या एका अल्बिनो सापापासून सुरुवात केली आणि पुढच्या पिढ्यांत नीट नोंदी ठेवून पैदास केली. पहिल्या पिढीत सगळी पिल्ले साधी. त्यांची आपसांत जोडी लावल्यावर पुढच्या पिढीत पुन्हा लाल डोळे. म्हणजे हा गुण अप्रभावी आहे, मेंडेलच्या वाटाण्यासारखा एक पिढी लपून राहतो. हे निष्कर्ष १९६२ मध्ये ‘कोपिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्वचेच्या डॉक्टरने सापाच्या त्वचेचे गणित सोडवावे, हा योग छान जुळून आला.

अनेरी सापांची कथा वेगळी. नैर्ऋत्य फ्लोरिडात ते रानातही बऱ्यापैकी सापडतात. तिथे राखाडी रंग जगण्याच्या फारसा आड येत नसावा.

स्नो सापासाठी सोळाचा हिशेब का मांडतात?

शाळेच्या विज्ञानात ९:३:३:१ हे गुणोत्तर सगळ्यांनी पाठ केलेले असते. परीक्षा झाली की विसरले जाते. कॉर्न स्नेक पाळणाऱ्यांच्या मात्र ते रोजच्या वापरात आहे.

अमेल आणि अनेरी यांची जोडी लावली, तर सगळी पिल्ले रानातल्या सापासारखी केशरी दिसतात. पण प्रत्येकाच्या पोटात दोन्ही गुण लपलेले. अशा सापाला ‘हेट’ म्हणतात. दोन-तीन वर्षांनी या भावंडांची जोडी लावली, की सोळा पिल्लांमागे सरासरी ९ साधी, ३ अमेल, ३ अनेरी आणि १ स्नो. सरासरी हा शब्द महत्त्वाचा. सोळा अंड्यांतून एकही स्नो न निघणे अगदी शक्य आहे आणि दोन निघणेही. नाणे लागोपाठ चार वेळा काटा पडते, तसे.

खरा घोळ साध्या दिसणाऱ्या पिल्लांपाशी होतो. दोन हेट सापांच्या साध्या पिल्लांपैकी तीनात दोन हेट असतात, पण कोणती दोन, हे बघून कळत नाही. म्हणून ती ‘६६ टक्के पॉसिबल हेट’ म्हणून विकली जातात. याचा अर्थ त्या पिल्लात ६६ टक्के अमेल आहे असा नाही. अमेल असण्याची शक्यता तेवढी आहे, इतकेच. खात्री करायची जुनी पद्धत म्हणजे त्याची अमेल सापाशी जोडी लावणे. साप खरोखर हेट असेल तर निम्मी पिल्ले लाल डोळ्यांची यायला हवीत. दहा पिल्ले झाली आणि एकही लाल डोळ्याचे नसेल, तर विकणाऱ्याचे बोलणे फोल ठरले असे समजावे. कारण साप खरोखर हेट असता, तर असे घडण्याची शक्यता १,०२४ मध्ये १ एवढीच.

डोळा पाहून सगळे कळते का?

नाही. लाल बाहुली ‘अमेल आहे’ एवढेच सांगते. स्नो आणि ‘ब्लिझार्ड’, म्हणजे अमेल अधिक चारकोल, या दोघांचेही डोळे लाल आणि अंग पांढरे. ‘ओपल’, म्हणजे अमेल अधिक लॅव्हेंडर, तोही त्यांच्याच रांगेत. ‘घोस्ट’ आणि अनेरी यांत डोळ्याचा उपयोग जवळजवळ नाही, तिथे काळ्या रंगाची तीव्रता पाहावी लागते. बाजारात नावे अशी, की ‘बटर’, ‘प्यूटर’, ‘ग्रॅनाइट’ वाचून एखाद्याला बेकरी की फरशीचे दुकान असा प्रश्न पडावा. प्रत्येक नावामागे दोन-तीन जनुकांचा ठरलेला संच असतो. निदान असायला हवा. नाव देणाऱ्यावर कोणाचे नियंत्रण नाही.

आणखी एक सापळा म्हणजे निळे डोळे. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तोही निघून येतो. कात टाकण्याआधी जुन्या आणि नव्या थरांच्या मध्ये द्रव साठतो. मग डोळे काही दिवस दुधाळ निळे दिसतात आणि पुन्हा स्वच्छ होतात. या दिवसांत काढलेला फोटो दाखवून ‘दुर्मीळ निळ्या डोळ्यांचा’ म्हणून साप खपवणे अवघड नाही. अशा वेळी सापाला नीट दिसत नाही, तो चिडचिडा होतो आणि अनेकदा खात नाही. कात अर्धवट निघून डोळ्यावरचा खवला चिकटून राहिला, तर तो नखाने ओरबाडू नये. डोळा कायमचा जाऊ शकतो. ते काम पशुवैद्याचे.

रंगांच्या हौसेची किंमत कोण मोजते?

लाल डोळा म्हणजे आजार नव्हे. अमेल कॉर्न स्नेक पिंजऱ्यात उत्तम जगतात, खातात, अंडी घालतात. साप भक्ष्य शोधताना डोळ्यांइतकाच, किंबहुना जास्त, जिभेने टिपलेल्या वासावर विसंबतो. मात्र डोळ्यातला प्रकाश शोषणारा थर नसल्याने प्रखर दिव्याखाली त्यांना ठेवणे योग्य नाही. लपायला अंधारी जागा हवीच.

प्रश्न येतो तो रंगाबरोबर दुसरेच काही आले की. कॉर्न स्नेकच्या ‘सनकिस्ड’ या प्रकाराच्या वंशावळीत ‘स्टारगेझर’ नावाचा अप्रभावी दोष पसरला. असा साप तोल सांभाळू शकत नाही, मान उलटी वळवून वर पाहत राहतो, जणू चांदण्या मोजतो आहे. अंगावर काहीच खूण नसते, म्हणून हेट साप नकळत विकले गेले. पुढे चाचणी पैदाशीतून तो वेगळा करण्याचा प्रयत्न जाणत्या लोकांनी केला. बॉल पायथनच्या ‘स्पायडर’ प्रकारात डोके डगमगण्याचा दोष रंगाच्या जनुकालाच चिकटलेला आहे. तिथे वेगळे करण्याची सोयच नाही.

सगळ्यात बोलके उदाहरण सापाचे नाही, पालीच्या कुळातल्या लेपर्ड गेकोचे. ‘लेमन फ्रॉस्ट’ हा झळाळत्या पांढऱ्या-पिवळ्या रंगाचा गेको आला तेव्हा त्यावर उड्या पडल्या. मग त्यातल्या बहुतेकांच्या अंगावर गाठी येऊ लागल्या. चमक देणाऱ्या पेशींची ती गाठ होती. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की ज्या जनुकामुळे हा झळाळता रंग येतो, त्यामुळेच गाठी होतात. रंग आणि कर्करोग एकाच बदलाची दोन रूपे निघाली. अनेकांनी त्याची पैदास थांबवली, सगळ्यांनी नाही.

शिवाय नवा मॉर्फ टिकवायचा तर सुरुवातीला भावंडांच्या किंवा पालक-पिल्लांच्या जोड्या लावाव्या लागतात. एका लाल डोळ्यासाठी तीस-चाळीस साधी पिल्ले जन्माला घातली जातात. त्या केशरी पिल्लांना गिऱ्हाईक मिळत नाही, हा या व्यवसायातला फारसा न बोलला जाणारा भाग आहे.

हे साप मोकळे सुटले तर?

पांढरा साप रानात टिकणार नाही, घार-ससाणे त्याला सहज टिपतील, असा सर्वसाधारण समज आहे. अटलांटिकमधल्या ग्रान कनारिया या स्पॅनिश बेटाने तो खोटा ठरवला. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेला कॅलिफोर्निया किंगस्नेक तिथे १९९०च्या दशकाच्या अखेरीस रानात आढळला आणि पसरला. त्यातले कितीतरी साप अल्बिनो आहेत. बेटावर स्थानिक साप नव्हते, सापांना ओळखणारे शिकारी मोजके आणि हा साप बराच काळ जमिनीखाली राहणारा. परिणामी तिथल्या स्थानिक मोठ्या सरड्यांची संख्या साप पसरलेल्या भागांत प्रचंड घटली. कॉर्न स्नेकही कॅरिबियन बेटांवर आपल्या मूळ प्रदेशाबाहेर स्थिरावला आहे. ऑस्ट्रेलियात तो पाळण्यास बंदी आहे.

भारतात कॉर्न स्नेक पाळता येतो का?

भारतात तो निसर्गतः आढळत नाही. येतो तो चोरवाटेने. डिसेंबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक पकडले. साप बिस्किट-केकच्या पुड्यांत लपवलेले होते. बँकॉक ते मुंबई ही वाट अशा तस्करीसाठी आता नेहमीची झाली आहे. अशा प्रवासात साप गुदमरून, थंडीने किंवा पाण्यावाचून मरतात.

बॉल पायथन ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार अशा यादीतल्या जिवंत प्राण्यांची नोंदणी बंधनकारक आहे आणि त्यासाठी २०२४ मध्ये नियम करून ‘परिवेश’ पोर्टलवर सोय करण्यात आली. कॉर्न स्नेक सायटिसच्या यादीत नाही. म्हणून तो मोकळेपणाने आणता येतो, असा सोयीस्कर अर्थ समाजमाध्यमांवरचे विक्रेते लावतात. परदेशातून जिवंत प्राणी आणायचा तर आयात परवाना आणि आरोग्याची कागदपत्रे लागतात. ती नसतील तर सीमाशुल्क कायद्याखाली तो माल तस्करीचाच. ‘इथेच जन्मलेले पिल्लू आहे’ असे सांगणाऱ्याकडे त्याच्या आई-वडिलांचे कागद मागितले, की बहुतेक वेळा संभाषण तिथेच थांबते.

देशी सापांच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. नाग, धामण, घोणस, अजगर हे सगळे कायद्याने संरक्षित आहेत. ते पकडून घरी ठेवणे गुन्हा आहे. महाराष्ट्रात अधूनमधून पांढरा नाग सापडल्याची बातमी येते आणि बघ्यांची गर्दी जमते. कोणी त्याला दैवी म्हणते, कोणी लाखोंची बोली लावते. त्यामागचे विज्ञान कॉर्न स्नेकसारखेच आहे. बाहुली लाल असेल तर मेलॅनिन बनत नाही, काळी असेल तर कारण दुसरे. विषात मात्र काही कमी नसते. पांढऱ्या नागाचा दंश काळ्या नागाइतकाच जीवघेणा असतो. असा साप दिसल्यास लांब उभे राहून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या सर्पमित्राला फोन करावा, आणि मोबाइलवर त्याच्या डोळ्यांचा फोटो घेण्यासाठी जवळ जाऊ नये.